माझ्या जागेत माझी काहिल

पत्र :

ताई, नमस्कार. साने गुरुजी वसाहतीच्या पुढं दोन गुंठ्यांत आमचं घर आहे. वडिलांचं गावाकडं गुऱ्हाळ होतं. ते बंद पडलं, मागाहून गावचं घरही उतरवलं. त्यातल्या सागवानी तुळया, पाच-सहाशे कौलं, जोत्याचे घडीव दगड, बैलगाडीची दोन चाकं आणि गुऱ्हाळाची काहिल (उसाचा रस उकळायची मोठी कढई) असं सगळं इथं आणलंय. घराच्या उजव्या अंगाला कंपाउंडपर्यंत मोकळी पट्टी आहे. तिथं लोखंडी अँगल रोवून वर पत्रा मारला. जागा पुरली नाही म्हणून चार तुळया आणि दगड बाहेर गटारीवर ठेवले, कुणाच्या वाटेत नाहीत. सोमवारी नोटीस आली. विनापरवाना शेड, रस्त्यावर साहित्य, डासांची पैदास. तीन दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडनं घेऊ. तक्रार शेजाऱ्यानं केली हे सांगायला ज्योतिषी नको. त्यानं स्वतः जिन्याखाली खोली काढलीय, त्याला कोण विचारत नाही. माझी घरफाळ्याची एक रुपया थकबाकी नाही. माझ्या जागेत मी काय ठेवायचं हे सांगणारे हे कोण? आता हायकोर्ट कोल्हापुरातच आलंय. सरळ रिट याचिका टाकू का?
– एक घरमालक

उत्तर :

दादा,

तुमचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तीन दिवसांची मुदत संपून दोन दिवस झाले होते. म्हणून सदराची वाट न बघता फोन केला. दोनच गोष्टी सांगितल्या. गटारीवरच्या तुळया आणि दगड आज संध्याकाळच्या आत कंपाउंडमध्ये घ्या, आणि ऑफिस उघडल्या उघडल्या ‘म्हणणं मांडायला पंधरा दिवस द्या’ असा एका पानाचा अर्ज देऊन पोच घ्या. तुम्ही दोन्ही केलंत. पण फोन ठेवताना “म्हंजे मीच चुकलो म्हणता?” असं जरा तिखटच विचारलंत. त्याचं उत्तर फोनवर आटोपण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

तुमच्याकडं पाकीट एक आलं, पण आत भांडणं तीन आहेत. एकात तुम्ही साफ चुकलात. एकात निम्मं तुमचं, निम्मं त्यांचं. आणि एकात तुम्ही नोटीस न वाचताच रागावलात. हे तिन्ही एकाच रागानं लढायला गेलात तर जिथं तुमची बाजू खरी आहे तिथंही हराल.

साफ चुकीचं आधी उरकते. गटार तुमची नाही. तुमच्या दारासमोर आहे, तिच्यावरची फरशी तुम्ही पदरच्या पैशानं टाकली असेल, दर दिवाळीला तुम्हीच ती धुता, तरीही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये रस्त्यावर वस्तू ठेवायला कलम २३० नं मनाई आहे, आणि अशा वस्तू आयुक्तांना नोटीस न देताही उचलता येतात, हे कलम २३१ सांगतं. म्हणजे तुम्हाला मिळालेले तीन दिवस ही त्या बाबतीत मेहरबानीच होती. ‘कुणाच्या वाटेत नाही’ हे तुम्ही उन्हात बघून ठरवलंत. जुलैमध्ये आपल्याकडं सलग चार दिवस झड लागली की त्या तुळईखाली प्लॅस्टिक आणि पालापाचोळा अडकतो आणि पाणी वरच्या अंगाच्या तिसऱ्या घरात शिरतं. त्या घरातली माणसं तुम्हाला ओळखत असतील म्हणून गप्प राहिली असतील. हा विषय संपला. खुलाशात एका ओळीत ‘साहित्य हलवले आहे’ असं लिहा आणि हलवल्याचा फोटो जोडा. वाद घालू नका.

आता शेड. इथं जरा बसून बोलू या, कारण गेली पंचवीस वर्षं मी घरांच्या परवान्यांच्या फायली करते आणि ‘माझी जागा’ हे दोन शब्द मी रोज ऐकते.

ती उजव्या अंगाची पट्टी तुमच्याच मालकीची आहे, त्यात शंका नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव तुमचं. पण घर बांधताना तुम्ही जो नकाशा मंजूर करून घेतलात त्यात ती पट्टी ‘मोकळी’ दाखवलीय. साईड मार्जिन म्हणतात ती हीच, सरकारी मराठीत सामासिक अंतर. ती मोकळी ठेवीन या अटीवरच तुम्हाला बाकीच्या जागेत घर बांधू दिलं. अट तुम्ही लिहून दिलीत, सही तुमची आहे. नंतर आर्किटेक्टनं फाईल बांधून दिली आणि आपण ती कपाटात वरच्या फळीवर टाकली, एवढंच. सही केलेली गोष्ट आपण विसरलो म्हणून ती रद्द होत नाही.

आणि ती अट कशाला? हवा-उजेड हे सगळे सांगतात. मी वेगळं विचारते. तुमच्या ड्रेनेजचं चेंबर कुठल्या बाजूला आहे? दहातल्या सात घरांत ते याच पट्टीत असतं. तुंबलं की माणूस कुठनं जाणार? मागं स्वयंपाकघरात सिलिंडरनं पेट घेतला तर पाण्याचा पाइप कुठनं ओढणार? वाळकं सागवान, वर पत्रा, एका बाजूला तुमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं कंपाउंड. काहिलीखालचं चुलवाण, म्हणजे भट्टी, याहून निराळं नसतं, हे गुऱ्हाळवाल्याच्या पोराला मी काय सांगणार!

तुम्ही म्हणाल, अहो शेड म्हणजे काय बांधकाम आहे का, चार अँगल आणि सहा पत्रे. कायद्यात ‘इमारत’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात घर, गोठा, शेड, खोपट सगळं येतं. मग ते विटांचं असो, लाकडाचं असो, मातीचं असो की पत्र्याचं. जमिनीत रोवलेला अँगल आणि त्याला नटबोल्टनं जखडलेला पत्रा म्हणजे बांधकामच झालं. मात्र त्याच पट्टीत दगडांवर रचून ठेवलेलं लाकूड आणि त्यावर दोरीनं बांधलेली ताडपत्री हे बांधकाम नव्हे. तुमच्या अख्ख्या प्रकरणाची कळ इथं आहे. नोटीस शेडला आहे. तुमच्या वडिलांच्या तुळयांना नाही. तुम्ही मात्र दोन्हीला एकच समजून तुळयांसाठी भांडायला उभे राहिलात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : पत्रा उतरवा, अँगल कापा, लाकूड राहू द्या. शेड नियमित करून घ्यायचा अर्ज करता येतो का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली असेल तर नोटिशीच्या मुदतीत तसा अर्ज करायची सोय कायद्यातच आहे. पण सामासिक अंतरातली कायमची शेड नियमित होण्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. चलन, स्टॅम्प, इंजिनिअरची फी जाईल आणि सहा महिन्यांनी नकाराचं पत्र येईल. पावसाळ्यापुरता आडोसा हवा असेल तर तात्पुरत्या निवाऱ्याची परवानगी वेगळी मागता येते. ती रीतसर मागा, मुदत संपली की काढा.

एक गोष्ट आधी तपासा. तुमचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला, तर नाही? दोन गुंठे आणि उपनगर म्हटल्यावर मला शंका येतेच. तसं असेल तर मंजूर नकाशा मुळात असेलच असं नाही. असेल ते २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्या कायद्याच्या कक्षेत आली. प्रमाणपत्र नसेल तर शेडवरनं वाद वाढवण्याआधी दहादा विचार करा, कारण फाईल उघडली की शेडबरोबर घराकडंही बघितलं जातं. हे मी भीती घालायला लिहीत नाही. पत्र्यासाठी भांडायला गेलेल्या माणसाला घराचे कागद गोळा करत वर्षभर फिरताना मी पाहिलंय.

आता तुमची खरी बाजू. शेडसाठी तीन दिवस हे कमीच आहेत, आणि हे तुम्ही लेखी म्हणायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय पाडायचं नाही. उत्तराला स्थानिक कायद्यातली मुदत किंवा पंधरा दिवस, यांतलं जे नंतर येईल ते द्यायचं. म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि शेवटचा आदेश झाल्यावरही पंधरा दिवस थांबायचं. पण त्याच निकालात अपवादही आहे : रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणूनच फोनवर मी आधी गटार मोकळी करायला लावली. बाहेर एक तुळई जरी पडून राहिली असती तरी सगळी चर्चा रस्त्यावर गेली असती, आणि तुमचा पंधरा दिवसांचा मुद्दा कुणी ऐकलाच नसता.

घरफाळ्याचं मात्र खुलाशात काढू नका. प्रत्येक माणूस ती पावती नाचवतो आणि तिचा काडीचा उपयोग होत नाही. घरफाळा हा कर आहे, परवाना नव्हे. उलट अनधिकृत बांधकामाला घरफाळ्याच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद याच अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये आहे, आणि ती शास्ती भरली म्हणूनही बांधकाम कायदेशीर होत नाही. पावती दाखवून तुम्ही शेडकडं घरफाळा विभागाचंही लक्ष वेधाल.

तिसरं भांडण डासांचं. ते तुम्हाला सगळ्यात क्षुल्लक वाटलं असणार, पत्रात त्याला तुम्ही एकही वाक्य दिलं नाहीत. मला ते सगळ्यात गंभीर वाटतं. काहिल कशी ठेवलीय, असं फोनवर विचारलं तर म्हणालात, “सरळ. उलटी करायला आठ माणसं लागतात.” सरळ! म्हणजे पावसाळ्यात तुमच्या अंगणात आठ-नऊ फूट व्यासाचं उथळ तळं. डेंग्यूच्या डासाला घाण पाणी नको असतं, असं साठलेलं स्वच्छ पाणीच हवं असतं. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. आणि पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असंही नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, महिनोन्‌महिने सुकी टिकतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा जागी होतात. काहिल ओतायची, कड काथ्यानं घासायची आणि पालथी घालायची. आठ माणसं लागतात तर आठ माणसं बोलवा. तुमच्या गल्लीतल्या तालमीत संध्याकाळी सहाला गेलात तर आठ पोरं अशी मिळतील. वर त्यांना चहा आणि भजी द्या. कौलांच्या चळतीतही बघा, उताणी ठेवलेली कौलं पाणी धरतात. उभी लावा.

आणखी एक गोष्ट तुम्ही फोनवर बोलता बोलता सांगितलीत, पत्रात लिहिली नव्हती. महाप्रसादाला मंडळं काहिल मागून नेतात आणि ‘चार पैसे देतात’. दादा, शेजारधर्म म्हणून दिली तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण दर सणाला भाडं घ्यायला लागलात, उद्या एखादी तुळई विकलीत, तर हा घरगुती साठा राहत नाही. धंद्यासाठी केलेल्या साठ्याला कलम ३७६ खाली परवान्याचा प्रश्न येतो. ‘साहित्य घरगुती व वडिलोपार्जित आहे, विक्रीसाठी नाही’ हे वाक्य तुम्हाला खुलाशात लिहायचंय. ते खरं असू द्या.

खुलासा साधा असावा. वकिली भाषा नको, ‘आपल्या अधिकाराचा गैरवापर’ वगैरे तर अजिबात नको. मी असा लिहिला असता :

‘आपली नोटीस क्र. अमुक, मला तमुक तारखेस मिळाली. १) गटारीवरील साहित्य त्याच आठवड्यात हलवले आहे, फोटो जोडले आहेत. २) काहिल पालथी घातली आहे व पाणी साचणाऱ्या इतर वस्तू झाकल्या आहेत, आरोग्य निरीक्षकांनी समक्ष पाहणी करावी. ३) घराच्या उजव्या बाजूचा पत्रा व अँगल मी स्वतः तीस दिवसांत उतरवत आहे, तोवर कारवाई करू नये. ४) त्या जागेतील लाकूड व कौले हे कोणतेही बांधकाम नसून घरगुती साहित्य आहे, जाण्यायेण्याची वाट व ड्रेनेजचे चेंबर मोकळे ठेवून ते रचले आहे. याबाबत काही हरकत असल्यास कोणत्या नियमान्वये, ते लेखी कळवावे व मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

चौथा मुद्दा जपून वाचा. तुमचा हक्क तिथं आहे, आणि तो पहिल्या तीन मुद्द्यांच्या जोरावर उभा आहे. दोन प्रती काढा, आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले तर तीच प्रत स्पीड पोस्टानं पाठवा. साहेब भेटणं गरजेचं नाही, शिक्का गरजेचा आहे.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, आणि त्यात फक्त कागद मागा, प्रश्न विचारू नका. स्थळपाहणीचा अहवाल, नोटिशीची टिपणी, खुलाशावर काय शेरा मारला त्याची प्रत. तीस दिवसांत मिळायला हवं. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन हाही रस्ता आहे, मात्र त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, आणि कोर्टात गेलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत. म्हणजे रिटचा जोश आधी दाखवलात तर हा दरवाजा बंद.

आता तुमचं हायकोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, आपल्याकडं सुरू झालं, त्या दिवशी मीही पेढे वाटले. सहा जिल्ह्यांतल्या लोकांनी चाळीसएक वर्षं त्याच्यासाठी आंदोलनं केली. पण म्हणून सहा पत्र्यांसाठी तिथं जायचं? न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असेल, ‘नोटिशीला उत्तर दिलंत का?’ दुसरा, ‘मंजूर नकाशा दाखवा.’ दोन्हीला तुम्ही आज गप्प बसाल. खुलासा देऊनही, पत्रा उतरवूनही कुणी लाकूड उचलायला आलंच, तर मात्र पोच घेतलेले सगळे कागद घेऊन त्याच दिवशी वकील गाठा. दिवाणी कोर्टात मनाईचा दावा की आणखी काही, हे तो ठरवील. तेव्हा तुमची केस दमदार असेल.

राहिला शेजारी. त्याच्या जिन्याखालच्या खोलीची तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिचा तुम्हाला फायदा शून्य. ‘त्यानंही केलंय’ हा बचाव कुठल्याच कोर्टात चालत नाही. एकाची चूक दुसऱ्याला हक्क देत नाही. त्याची खोली गेली तरी तुमची शेड वाचणार नाही. शिवाय मला एक खटकतं. तक्रार त्यानंच केली हे तुम्हाला सांगितलं कुणी? नोटिशीत नाव नाही. डास मोजायला फिरणाऱ्या माणसानं गच्चीवरनं काहिल पाहिली असेल. समजा त्यानंच केली असेल, तर त्याच्या घरात कुणाला ताप येऊन गेला का, हे एकदा विचारून बघा. विचारायला जाताना हातात काही नेऊ नका, उगीच समेटाचं सोंग वाटतं. नुसतं विचारा.

लाकडाचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण पत्रा गेल्यावर पहिला प्रश्न तोच येणार. जमिनीला टेकवू नका, तेच जोत्याचे दगड खाली घाला, वीतभर उंच. दोन तुळयांच्या मध्ये पट्ट्या द्या म्हणजे वारा खेळेल. ताडपत्री वरून टाका, चारी बाजूंनी गुंडाळू नका. गुंडाळलेलं लाकूड आतून घामेजतं आणि वाळवीला बरं पडतं. भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे धामण शिरली तर दिसेल तरी. एवढं करूनही ते दोन-तीन पावसाळेच नीट राहील. माझ्या वडिलांनी जुन्या घराच्या चौकटी अशाच जपून ठेवल्या होत्या, ‘पुढं लागतील’ म्हणून. आम्ही नवीन दारं करायला काढल्या तेव्हा वरनं साग होता, आत भुगा.

तुमच्या पत्रात पाच ओळी काहिलीवर आणि तुळयांवर आहेत, शेडवर एकच. तुमचं दुःख मला कळतं. हल्ली गावगाडा दाखवायला आपण पोरांना कणेरी मठावरच्या संग्रहालयात नेतो, आणि इथं तुमच्या अंगणात ज्या काहिलीत खरोखर रस उकळला, जिच्या कडेची काकवी तुम्ही बोटानं चाटली असेल, ती भंगाराच्या नावानं नोटिशीत यावी, हे लागतंच. म्हणून म्हणते, सुतार बोलवा. एका तुळईचा झोपाळा होईल, दुसरीचं देवघर. चाकं पोर्चच्या भिंतीला टांगा. उरलेलं लाकूड गावात कुणी घर बांधत असेल तर त्याला द्या. आणि काहिल, तुमच्या ओळखीतलं एखादं गुऱ्हाळ अजून धुरतंय का बघा. तळ धड असेल तर एखादा गुळव्या ती आनंदानं नेईल. मोसमात एखाद्या पहाटे जाऊन बघता येईल तुम्हाला, तिच्यात रस चढलेला.

तोवर ती पालथी. तीस दिवस तुम्ही स्वतः लिहून देणार आहात, तेव्हा पत्रा उतरवायला वेल्डर आजच सांगून ठेवा, पाऊस लागला की तो मिळत नाही.